लेन्सचं फिटिंग ‘फ्री’ असतं, तेव्हा पैसे कोण भरतं?

चष्म्याच्या कागदावरून कॉन्टॅक्ट लेन्स घेता येत नाही. मधे एक तपासणी असते, तिला वेळ लागतो आणि म्हणून पैसेही लागतात. हे पैसे बिलात दिसत नाहीत तेव्हा काय होतं, ते समजून घेऊ.

‘चष्म्याचा नंबर सांगा, पाच मिनिटांत लेन्स देतो.’

पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा एका चष्म्याच्या दुकानात मी हे वाक्य ऐकलं, आणि ते शब्दशः खरं ठरलं. पाकिटातून चष्म्याचा जुना कागद काढून दिला. काउंटरवरच्या दादांनी त्यावरचा नंबर पाहिला, मागच्या कपाटातून सहा लेन्सचा डबा काढला. दोन्ही डोळ्यांचा मुख्य नंबर सारखाच, त्यामुळे एकाच डब्यात काम भागलं. उजव्या डोळ्याला सिलिंडरही होता, त्याबद्दल ‘थोडाच आहे, चालून जाईल’ असं उत्तर मिळालं. डब्याचे ९५० रुपये, सोल्यूशनची छोटी बाटली फुकट. कोणी यंत्रासमोर बसवलं नाही, डोळ्यात टॉर्च मारून पाहिलं नाही. लेन्स घालायची कशी हे मी होस्टेलवर यूट्यूब बघून शिकलो.

चार महिने बरे गेले. मग सबमिशनच्या आठवड्यात दोन रात्री लेन्स न काढताच झोपलो. तिसऱ्या दिवशी सकाळी उजवा डोळा लालबुंद, उजेड सहन होईना, डोळ्यातून नुसतं पाणी. डॉक्टरांनी पाहिलं तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, पांढरा ठिपका. संसर्ग. दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा अलार्म लावून. तीन आठवडे चाललं ते. डॉक्टरांच्या फेऱ्या, प्रयोगशाळेची तपासणी आणि औषधं धरून साडेआठ हजार रुपये गेले, वर एक सबमिशन हुकलं.

लेन्स घालून झोपण्याची चूक माझीच. पण लेन्स घालून झोपायचं नसतं हे मला सांगणं कोणाचं तरी काम होतं आणि त्या कामाचे पैसे मी कोणालाच दिले नव्हते. मागितलेही नव्हते कोणी.

त्या कामाला फिटिंग म्हणतात. आपल्याकडे बहुतेक दुकानांत ते फुकट असतं, किंवा नसतंच. माझं मत सरळ आहे: फिटिंगचे पैसे वेगळे घ्यावेत, बिलात वेगळे लिहावेत आणि त्या बदल्यात लेन्सचं प्रिस्क्रिप्शन ग्राहकाच्या हातात द्यावं. खर्च वाढवा असं सांगणारा लेख तुम्हाला आवडणार नाही, याची कल्पना आहे. तरी वाचा.

चष्म्याचा नंबर लेन्सला का चालत नाही?

चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते, लेन्स थेट डोळ्यावर बसते. अंतर बदललं की लागणारी शक्ती बदलते. अकरावीच्या भौतिकशास्त्राचं गणित आहे हे. चष्म्याचा नंबर उणे ६ असेल तर लेन्सचा येतो उणे ५.६० च्या आसपास, म्हणजे बाजारात मिळणारी उणे ५.५० ची लेन्स. चष्मा उणे ८ असेल तर लेन्स उणे ७.२५. अधिक नंबरवाल्यांचं उलटं होतं: अधिक ६ च्या चष्म्याला अधिक ६.५० ची लेन्स लागते. नंबर ४ च्या आत असेल तर फरक नगण्य असतो, म्हणून दुकानदाराचं ‘चालून जातं’ हे बऱ्याच जणांच्या बाबतीत खरंही ठरतं. माझा नंबर उणे ६ होता आणि मला उणे ६ चीच लेन्स दिली होती. चार महिने कपाळ का दुखायचं, हे नंतर कळलं.

शक्ती हा एक आकडा झाला. लेन्सच्या डब्यावर आणखी दोन आकडे असतात, ते कोणी वाचत नाही. एक बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सची आतली वक्रता: ८.४, ८.६ असा मिलिमीटरमधला आकडा. दुसरा व्यास: १४.०, १४.२. कॉर्निया प्रत्येकाचा वेगळा, कोणाचा जास्त फुगीर, कोणाचा जरा सपाट. सपाट डोळ्यावर फुगीर लेन्स बसली की ती घट्ट चिकटते, हलत नाही. पापणी मिटली की लेन्स किंचित सरकली पाहिजे. तेवढ्यानेच तिच्याखालचे अश्रू बदलतात, कचरा बाहेर पडतो. माझी लेन्स हलतच नव्हती. आणि एका कंपनीची ८.६ दुसऱ्या कंपनीच्या ८.६ सारखीच बसेल असंही नाही, कारण प्लास्टिक वेगळं, कडा वेगळी. सात नंबरची चप्पल प्रत्येक दुकानात वेगळी बसते, तसंच.

सिलिंडरवाल्यांचा मामला याहून नाजूक. त्यांना टोरिक लेन्स लागते आणि ती डोळ्यावर ठरावीक कोनातच थांबली पाहिजे. ती १० अंश फिरली तर सिलिंडरचा जवळपास एक तृतीयांश भाग दुरुस्त न होता तसाच राहतो. ३० अंश फिरली तर लेन्स घालूनही सिलिंडर होता तेवढाच, फक्त दिशा बदललेली. तुमच्या डोळ्यावर लेन्स किती फिरते हे कोणतीही वेबसाइट सांगू शकत नाही. ती डोळ्यावर ठेवून, वाट बघून, सूक्ष्मदर्शकातून पाहावं लागतं.

‘संगणकावर डोळे तपासून मिळतील’ ही पाटी गावोगावी दिसते. ते यंत्र चष्म्याच्या नंबराचा पहिला अंदाज देतं, काही यंत्रं वक्रताही मोजतात. पण डोळा कोरडा आहे का, पापणीच्या आत ॲलर्जीचे फोड आहेत का, लेन्स बसल्यावर हलते का, हे त्या यंत्राच्या कामात येत नाही.

माझं खरं फिटिंग

डोळा बरा झाल्यावर सहा महिन्यांनी मी पुन्हा लेन्स घेतल्या. या वेळी डॉक्टरांनीच एका ऑप्टोमेट्रिस्ट मॅडमकडे पाठवलं. पन्नास मिनिटं लागली, मी घड्याळ लावून बसलो होतो.

पहिली दहा मिनिटं फक्त प्रश्न. दुचाकी चालवता का, किती? एसीत किती तास? स्क्रीनसमोर किती? सर्दीची, धुळीची ॲलर्जी? कोणत्या गोळ्या चालू आहेत? मग केराटोमीटरवर कॉर्नियाची वक्रता मोजली. स्लिट लॅम्पसमोर बसवून वरची पापणी उलटून पाहिली, हे मला अजिबात आवडलं नाही. डोळ्यात रंगाचा कागद टेकवून निळ्या उजेडात अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो ते मोजलं. मग चाचणीच्या लेन्स घालून बाहेर बाकावर वीस मिनिटं बसवलं, कारण लेन्स घातल्या घातल्या पाहिलं तर ती कशी बसली आहे ते नीट कळत नाही. परत आत. डाव्या डोळ्याची ठीक बसली, उजव्या डोळ्याची टोरिक फिरत होती. दुसऱ्या कंपनीची लावून पाहिली, पुन्हा वीस मिनिटं बाक. (हा वेळ त्या पन्नास मिनिटांत धरलेला नाही.)

शेवटी त्यांनी माझ्याकडून लेन्स तीनदा घालून, तीनदा काढून घेतली. तिसऱ्यांदा जमल्याशिवाय सोडलं नाही. नळाचं पाणी लेन्सला लावायचं नाही, डबीतलं जुनं सोल्यूशन टाकून रोज नवं भरायचं, डबी तीन महिन्यांनी फेकायची, लेन्स घालून झोपायचं नाही, हे चारही मुद्दे त्यांनी मला उलटे म्हणून दाखवायला लावले. अगदी शाळेत पाढे घेतात तसे. आठवड्याने पुन्हा बोलावलं.

तपासणीचे ६००, फिटिंगचे ८००. लेन्सचे वेगळे. त्या दिवशी मला ८०० रुपये जास्त वाटले होते, हेही कबूल करतो.

नळाच्या पाण्याबद्दल त्या एवढ्या कडक का होत्या, ते नंतर वाचून कळलं. पाण्यात, मातीत अकँथामीबा नावाचा एकपेशीय जीव असतो. लेन्सवर बसून तो कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात, कधी कॉर्निया बदलण्याची वेळ येते. हा आजार दुर्मीळ आहे, पण अमेरिकेच्या सीडीसीच्या माहितीनुसार तिथले सुमारे ८५ टक्के रुग्ण लेन्स वापरणारे असतात. लेन्स घालून झोपल्याने डोळ्याच्या संसर्गाचा धोका सहा ते आठ पट वाढतो, हेही त्याच संस्थेचं म्हणणं. म्हणजे ८०० रुपयांतला मोठा वाटा मोजमापाचा नव्हताच, तो शिकवण्याचा होता.

बिलात का दिसत नाही?

कारण दुकान चालतं ते वस्तूच्या नफ्यावर. डोळे तपासणं हे गिऱ्हाईक आत आणण्याचं साधन. ऑप्टोमेट्रिस्टचा पगार, यंत्राचा हप्ता, चाचणीच्या लेन्स, हे सगळं डब्याच्या आणि फ्रेमच्या किमतीतून निघतं. यात बेकायदा काही नाही, पण त्याचे परिणाम आहेत.

जे काम फुकट आहे ते जितक्या लवकर उरकेल तितकं दुकानाच्या फायद्याचं. पन्नास मिनिटांच्या जागी पाच मिनिटं. दुकानात ज्या कंपनीच्या लेन्स आहेत त्यातलीच तुमच्या डोळ्याला ‘बसते’. आणि लेन्सचा पूर्ण तपशील ग्राहकाला लिहून द्यायला दुकानदार का-कू करतो, कारण तो मिळाला की ग्राहक ऑनलाइन स्वस्त डबा मागवणार. दुकानदाराची बाजूही मी समजू शकतो. एका परिचितांचं चष्म्याचं दुकान आहे. त्यांनी सांगितलं, ‘अर्धा तास मुलगी बसते, ट्रायल लेन्स उघडतो, आणि पोरगा मोबाइलवर भाव बघून निघून जातो. मग मी कशाला बसवू?’ त्यांचा राग रास्त आहे. फक्त त्याचा इलाज कागद लपवून ठेवणं हा नव्हे. अर्धा तास बसण्याचे पैसे घ्या, मग पोरगा कुठूनही डबा घेवो.

या फुकटपणाचा सगळ्यात वाईट भाग मला वेगळाच वाटतो. बिलात ओळ नसली की, ते काम झालंच नाही हे ग्राहकाला कळतही नाही. ९५० रुपयांच्या माझ्या बिलात काहीतरी कमी आहे, हे मला कसं समजणार होतं?

अमेरिकेतला दाखला, आणि त्याची दुसरी बाजू

अमेरिकेत २००३ मध्ये लेन्स ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि २००४ पासून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचे त्यावरचे नियम लागू आहेत. फिटिंग पूर्ण झालं की प्रिस्क्रिप्शनची प्रत ग्राहकाला द्यायचीच, त्याने मागितली नाही तरी. त्या प्रतीसाठी जादा पैसे घ्यायचे नाहीत, ‘लेन्स आमच्याकडूनच घ्या’ अशी अट घालायची नाही. फिटिंगचे पैसे मात्र घेता येतात. प्रिस्क्रिप्शन साधारणपणे किमान एक वर्ष चालतं. शोभेच्या, नंबर नसलेल्या रंगीत लेन्ससुद्धा २००५ पासून तिथे वैद्यकीय उपकरण मानल्या जातात.

तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ दर वर्षी याच फीच्या नावाने बोटं मोडतो. डोळ्यांची तपासणी वेगळी, लेन्सची वेगळी. गेल्या वर्षी फक्त लेन्सच्या तपासणीचे १२० डॉलर लागले म्हणाला. दिवाळीत पुण्याला आला की वर्षभराचे डबे बॅगेत भरून नेतो. पण गंमत बघा, त्याच्याकडे नेमका कागद असतो. कंपनी, बेस कर्व्ह, व्यास, शक्ती, मुदत, सगळं छापलेलं. इथल्या दुकानात तो कागद पुढे करतो आणि दोन मिनिटांत बाहेर पडतो. त्याच दुकानात त्याच्या सख्ख्या बहिणीला तिच्याच लेन्सचा बेस कर्व्ह विचारला तर डबा शोधावा लागतो.

आपल्याकडे तुकडे सगळे आहेत. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ मध्ये आले, १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली, म्हणजे लेन्सचा डबासुद्धा. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात ऑप्टोमेट्रिस्टला आरोग्य व्यावसायिक म्हणून जागा मिळाली. वस्तू मान्य, माणूस मान्य. त्या माणसाने त्या वस्तूसाठी खर्च केलेला अर्धा तास मात्र अजून ना बिलात आहे, ना कागदावर. अमेरिकेसारखी लेन्सपुरती थेट तरतूद आपल्याकडे व्हायला हवी, आणि ती होईपर्यंत आपण निदान कागद मागायला सुरुवात करू शकतो.

लग्नाचं पॅकेज आणि एक हिशेब

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न होतं. मेकअपवाल्या ताई म्हणाल्या, ‘ग्रे लेन्स आहेत माझ्याकडे, पॅकेजमध्येच येतात.’ आधी किती नवऱ्यांमुलींच्या डोळ्यांत गेल्या होत्या त्या, विचारलं तर हसल्या. जुलै २०२४ मध्ये अभिनेत्री जास्मिन भसीनने दिल्लीतल्या एका कार्यक्रमासाठी लेन्स घातल्यावर कॉर्नियाला इजा झाल्याचं सांगितलं, तेव्हा दोन दिवस सगळीकडे बातम्या होत्या. (आमच्या डेस्कनेही तीन केल्या.) लग्नाच्या हंगामात ते कोणाला आठवत नाही.

बहिणीला मी त्याच मॅडमकडे नेलं. तिला सिलिंडर नाही, साध्या मासिक लेन्स चालतात. तिचा वर्षाचा हिशेब मी मांडून दाखवला. दर महिन्याला एक जोडी म्हणजे वर्षाला २४ लेन्स, सहाचे चार डबे. अकराशे रुपयांचा एक, म्हणजे ४,४०० रुपये. सोल्यूशनच्या सहा बाटल्या ३५० च्या दराने २,१००. तपासणी ६००, फिटिंग ८००. एकूण ७,९००. त्यात फिटिंगचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. आई शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, ‘ब्लाउजची शिलाई याहून जास्त झालीय.’

ज्यांना पर्याय नाही

इथवरचा हिशेब माझ्यासारख्यांचा, ज्यांना लेन्स हौस म्हणून हवी. चष्मा लावून आमचं भागतं. केराटोकोनस झालेल्यांचं भागत नाही.

या आजारात कॉर्निया पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुतेकदा वयात येताना होते, डोळे चोळण्याची सवय त्यात भर घालते. आजार वाढला की चष्म्याने नीट दिसत नाही, कडक लेन्स किंवा मोठी स्क्लेरल लेन्स लागते. नागपूरजवळच्या खेड्यांमध्ये झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या पाहणीचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की, तिशीपुढच्या लोकांमध्ये याचं प्रमाण २.३ टक्के होतं. त्या पाहणीत फक्त कॉर्नियाच्या वक्रतेवरून आजार ठरवला होता, हे लक्षात घेऊनही आकडा लहान नाही.

इथे फिटिंग म्हणजे पन्नास मिनिटं नव्हेत. पाच-सहा चाचणी लेन्स, दोन-तीन फेऱ्या, आणि एकाच डोळ्याची स्क्लेरल लेन्स पाच आकडी किमतीला. गडचिरोलीच्या मुलाला नागपूर गाठावं लागतं, तिथे जमलं नाही तर हैदराबाद. एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्या बापाची बुडालेली मजुरी, राहण्याची सोय, हे सगळं फिटिंगच्याच खर्चात धरायला हवं. शाळकरी मुलांना राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून चष्मा मोफत मिळतो, पण या मुलाचा प्रश्न चष्म्याने सुटत नाही. आरोग्य विम्याचाही उपयोग नाही, कारण भरती व्हावं लागत नाही आणि साधी पॉलिसी बाह्यरुग्ण खर्च देत नाही.

म्हणून ‘फिटिंगची फी लावली तर गरीब कुठे जाणार?’ हा प्रश्न मला विचारणाऱ्यांना मी याच मुलाकडे बोट दाखवतो. ज्या कामाची किंमत कुठे लिहिलेलीच नाही, त्यासाठी सरकारी योजनेत तरतूद मागायची कशी? किमतीचा आकडा असेल तर अनुदान मागता येतं, विमा कंपनीशी भांडता येतं. जिल्हा रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी आहेत, स्लिट लॅम्प आहे. कडक लेन्सचा चाचणी संच आणि तो वापरण्याचं प्रशिक्षण मिळालं तर निदान पहिल्या दोन फेऱ्या जिल्ह्यातच होतील.

आणि दुकानदारांना फी घेणं जडच जात असेल, तर बिलात ‘फिटिंग ८०० रुपये, सवलत ८०० रुपये’ एवढं तरी लिहावं. मग ग्राहक निदान विचारेल की, हे ८०० रुपयांचं काय होतं, माझ्या डोळ्याला तर कोणी हात लावला नाही.

तुम्ही लेन्स वापरत असाल तर आज घरी गेल्यावर डब्याच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. बीसी, डीआयए आणि शक्ती, असतील तर सिलिंडर आणि अक्ष, शेजारी मुदत. पुढच्या तपासणीला तो दाखवून ‘हे माझ्या डोळ्याला बसतंय का ते बघा’ एवढंच म्हणा. बघायला किती पैसे लागतील तेही आधीच विचारा.

माझ्या उजव्या डोळ्यावर त्या संसर्गाचा फिकट डाग अजून आहे. नजरेच्या मध्यापासून जरा बाजूला आहे, त्यामुळे दिसायला अडचण नाही. रात्री समोरून गाडी आली की तिच्या दिव्याभोवती उजवीकडे थोडं धुकं दिसतं, इतकंच.